काजळाच्या पेन्सिलीवर स्मोकी आय

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. खांबलिंगेश्वराच्या दर्शनाला आणि बैलबाजाराला लोटणाऱ्या गर्दीत नटूनथटून निघालेल्या मुलीही असतात. त्यांना स्मोकी आय करायला महागडा संच लागत नाही; काजळाची पेन्सिल आणि मातकट तपकिरी आयशॅडो पुरे.

आधी पापणीच्या घडीत तपकिरी रंग हलका फिरवा. नुसता काळा रंग आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णावर डागासारखा दिसतो, तपकिरी त्याला मऊ कड देतो. मग पापणीच्या केसांलगत काजळाची जाड रेघ ओढून लगेच कापसाच्या काडीने वर पसरवा. रेघ एकदा बसली की हलत नाही, म्हणून एका वेळी एकच डोळा. शेवटी काळ्यावर थोडी आयशॅडो थापा, काजळ ओघळणार नाही. डोळ्याखाली फक्त बाहेरच्या कोपऱ्याला सावली द्या.

दिव्याची काजळी तुपात खलून केलेलं घरचं काजळ सुरेख पसरतं, पण उन्हात तूप वितळून गालावर उतरतं. सुट्या सुरम्यापासून मात्र दूरच राहा: काही सुरम्यांत शिशाचं खनिज असतं आणि शिसं शरीरात साठतं. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तर कोणतंच काजळ नको.