साक्षी आणि हुतात्मा

उज्जयिनीतील मराठी घरांना कोल्हापूर परके नाही. त्या अंबाबाईच्या नगरीजवळ, वळिवडे येथे, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक. स्टालिनच्या राजवटीने त्यांना हद्दपार केले होते; सुटका झाल्यावर ती इराणमार्गे इकडे आली.

त्यांच्या मायदेशावर तेव्हा हिटलरची सत्ता होती. पोलंड १७९५ पासून १९१८ पर्यंत परक्यांच्या अमलाखाली असताना तेथील भाषा आणि स्मृती जतन करण्यात कॅथलिक धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. राष्ट्र नेतृत्वहीन करावयाचे, तर शिक्षक आणि पंडितांप्रमाणे धर्मगुरूही नाहीसे करावयास हवेत, हे नाझींनी ओळखले. डाखाऊच्या छळछावणीत सुमारे २,७०० धर्मगुरू कोंडले गेले. त्यांपैकी १,७०० हून अधिक पोलिश होते आणि त्यांतील जवळजवळ निम्मे तेथेच संपले.

ऑश्विट्झ येथे फादर माक्सिमिलियन कोल्बे होते. जुलै १९४१ च्या अखेरीस एक कैदी पळाल्याच्या संशयावरून दहा जणांना उपासमारीने मारण्याचे ठरले. त्यांतील गायोव्निचेक नावाचा सैनिक बायकामुलांच्या आठवणीने आक्रंदू लागला. कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्याच्या जागी आपल्याला घ्यावे, असे म्हणाले. तू कोण, असे विचारताच आपण कॅथलिक धर्मगुरू आहोत, एवढेच त्यांनी सांगितले. दोन आठवड्यांनंतरही त्यांच्यात प्राण होता. तेव्हा १४ ऑगस्ट रोजी विषारी सुई टोचून त्यांना मारण्यात आले.

पुढे चर्चपुढे प्रश्न पडला. श्रद्धेच्या द्वेषापोटी ज्याचा वध होतो तो हुतात्मा, असा जुना दंडक. कोल्बे यांना तर कोणी श्रद्धा सोडावयास सांगितले नव्हते. ते परक्यासाठी मेले. म्हणून १९७१ मध्ये त्यांचा गौरव झाला, पण हुतात्मा म्हणून नव्हे. १९८२ मध्ये पोलिश पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद देताना हुतात्माच ठरविले. माणसाला केवळ क्रमांक मानणारी सत्ता ही श्रद्धेचीही वैरीण असते, असा त्यामागचा विचार. त्या सोहळ्यास वृद्ध गायोव्निचेक हजर होता.

युरोपीय भाषांत हुतात्म्यासाठी जो शब्द आहे, त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ ‘साक्षी’. आपल्या शब्दाचा अर्थ, ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो. त्या रांगेतून पुढे पडलेल्या एका पावलात हे दोन्ही अर्थ एकत्र आले.