संगणकाच्या पडद्यावरील खोटी दवंडी

गावात दवंडी पिटली की पूर्वी लोक कामधाम सोडून दारात येत. मात्र ऐकता ऐकता डफ कोणाच्या हाती आहे, हेही ते पाहून घेत. डफ गावच्या कोतवालाच्या हाती असेल, तर दवंडीमागे सरकारी हुकूम आहे असे मानले जाई. कोणा अनोळखी माणसाने चावडीसमोर उभे राहून डफ वाजविला, म्हणून घरातील पैसे बाहेर काढण्याइतके लोक भोळे नव्हते.

आज चावडीची जागा पुष्कळ अंशी संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. सातबारा, शिष्यवृत्ती, पीकविमा, निवृत्तिवेतन ही सर्व कामे तेथेच होतात. आणि याच पडद्यावर एखादे दिवशी अकस्मात लाल रंगाची खिडकी उघडते, भोंगा वाजू लागतो आणि मजकूर येतो की, 'आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे. संगणक बंद करू नका. ताबडतोब पुढील क्रमांकावर संपर्क साधा.' डफ कोणाच्या हाती आहे, हे पाहण्याचे भान त्या क्षणी राहत नाही. हे भान कसे राखावे, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एका गुरुजींचा अनुभव

हैदराबादमधील नारायणगुडा हा भाग मराठी वाचकांना परका नाही. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ सुरू झालेली केशव मेमोरियल शिक्षणसंस्था याच भागात आहे. मराठवाड्यातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलाबाळांकडे राहण्यासाठी येथे आलेली अनेक कुटुंबे आसपासच्या गल्ल्यांतून आढळतात. प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक असेच मुलाकडे राहावयास आले आहेत. त्यांचे निवृत्तिवेतन महाराष्ट्रातून येते. २०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्याचा नमुना शोधीत ते संगणकावर बसले असता वर सांगितलेली लाल खिडकी त्यांच्यापुढे उघडली. तीवर 'हैदराबाद' हे गावाचे नावही होते. आपला संगणक कोणीतरी पुरता पाहिला आहे, अशी त्यांची खात्री झाली.

त्यांनी दिलेल्या क्रमांकावर दूरध्वनी केला. पलीकडील माणूस अत्यंत नम्र होता. त्याने एक उपयोजन, म्हणजेच अ‍ॅप, संगणकावर घ्यावयास सांगितले. त्याच्या साहाय्याने तो दूर बसून गुरुजींचा संगणक चालवू लागला. त्याने चुकांची एक लांबलचक यादी उघडून दाखविली आणि 'हे सर्व विषाणूंचे काम आहे' असे सांगून दुरुस्तीसाठी आठ हजार रुपये मागितले. गुरुजींनी बँकेच्या कार्डाचा क्रमांक वाचून दाखविला. सुदैवाने खात्याला जोडलेला मोबाइल मुलाच्या खिशात होता. सांकेतिक अंक कचेरीत बसलेल्या मुलाकडे गेले, त्याने ते देण्याचे नाकारले आणि पैसे वाचले.

पैसे वाचले, परंतु गुरुजींनी त्यानंतर महिनाभर संगणकाला हात लावला नाही. "छत्तीस वर्षे मुलांना शिकविले आणि मला एवढे कळू नये?" असे ते म्हणाले. हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण अशा फसवणुकीत पैशाइतकीच हानी आत्मविश्वासाची होते, आणि लाजेमुळे माणूस झालेली गोष्ट कोणाला सांगत नाही. वस्तुतः गुरुजी अज्ञानामुळे नव्हे, तर घाईमुळे अडचणीत आले. घाई निर्माण करणे हाच त्या खिडकीचा हेतू असतो.

इशारा येतो कोठून?

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ही लाल खिडकी संगणकाने दाखविलेली नसते. ती एखाद्या संकेतस्थळाचे पान असते, म्हणजे एक प्रकारची जाहिरातच. वर्तमानपत्रात 'आपल्या घराला वाळवी लागली आहे' अशी जाहिरात छापून आली, तर छापणाऱ्याने आपले घर पाहिले आहे असे आपण मानत नाही. संकेतस्थळाच्या पानालाही आपल्या संगणकाच्या आतील फाइली तपासता येत नाहीत. विषाणू मोजल्याचे जे आकडे व सरकणारी पट्टी दिसते, ते आधीच तयार करून ठेवलेले चित्र असते.

गावाचे नाव कसे कळते, ही शंका साहजिक आहे. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो आणि त्यावरून ती साधारणपणे कोणत्या शहरातून आली आहे, हे कोणत्याही संकेतस्थळास कळू शकते. पत्रावरील टपालाच्या शिक्क्यावरून गाव कळावे, तसाच हा प्रकार आहे. त्यात गुप्त असे काही नाही.

चुकांच्या यादीचे रहस्यही असेच आहे. विंडोज प्रणालीत 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची नोंदवही असते. संगणकात घडणाऱ्या लहानसहान घडामोडी तीत आपोआप लिहिल्या जातात. अगदी धडधाकट संगणकातही तीत लाल खुणांच्या शेकडो नोंदी सापडतात. अपरिचित माणसास ती यादी दाखवून घाबरविणे सोपे असते.

खऱ्या-खोट्याची एक सोपी कसोटी आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने स्पष्ट केले आहे की, तिच्या चुकांच्या व धोक्याच्या सूचनांमध्ये दूरध्वनी क्रमांक कधीही दिलेला नसतो. सबब, ज्या इशाऱ्यात क्रमांक आहे तो इशारा खोटा समजावा.

भयाचा जुना व्यापार

संगणकाचे विषाणू ही काही केवळ कल्पना नव्हे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी तयार केलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपी चकत्यांवरून देशोदेशी पोहोचला. त्यानंतर विषाणूंवरील खरे उतारेही तयार होऊ लागले. या कामात महाराष्ट्रही मागे राहिला नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून आरंभ केला. १९९३ मध्ये त्यांनी संगणक दुरुस्तीचा व्यवसाय उभारला. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांतील विषाणू काढण्यासाठी त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी आज्ञावली लिहिली, आणि त्यातूनच 'क्विक हील' हे उत्पादन पुढे आले. हे नाव येथे जाहिरातीसाठी घेतलेले नाही. उतारा करणारा माणूस आधी रोग प्रत्यक्ष पाहतो, एवढेच यातून ध्यानात घ्यावयाचे.

पुढे मात्र रोग न पाहताच औषध विकणारे निघाले. भूतबाधा सांगणारा आणि ताईत विकणारा मांत्रिक एकच असावा, तशी ही रीत आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २००८ मध्ये अशा एका टोळीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. ही मंडळी जाहिरातींतून खोटी तपासणी दाखवून निरुपयोगी आज्ञावली विकीत असत. नावाजलेली दुकानेही या मोहातून सुटली नाहीत. २०१९ मध्ये तेथील 'ऑफिस डेपो' ही दुकानांची साखळी व तिला आज्ञावली पुरविणारी कंपनी यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. ग्राहकास प्रथम काही प्रश्न विचारले जात. 'संगणक मंद चालतो का?' यासारख्या एखाद्या प्रश्नास 'होय' असे उत्तर मिळून खूण केली गेली, की तपासणीचा निकाल काहीही असो, विषाणूची लक्षणे असल्याचा अहवाल निघे, असे आयोगाचे म्हणणे होते.

आपल्या देशातही याची दखल घेतली गेली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने 'ऑपरेशन चक्र-२' या मोहिमेत देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांतील काही प्रकरणे मायक्रोसॉफ्ट व अ‍ॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून दाखल झाली होती. तांत्रिक साहाय्य देण्याच्या बहाण्याने परदेशांतील नागरिकांना फसविणारी दूरध्वनी केंद्रे हा त्यांचा विषय होता. तात्पर्य, नम्र आवाजात बोलणारा हा साहाय्यक कोठेही बसलेला असू शकतो.

न बोलाविता आलेले पाहुणे

दुसरा प्रकार नको असलेल्या उपयोजनांचा. मराठी टंक, चित्रपट किंवा एखादी फुकट आज्ञावली उतरवून घेताना आपण न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबीत जातो. त्या प्रत्येक पायरीवर एखाद्या चौकटीत आधीच खूण केलेली असते आणि एका आज्ञावलीबरोबर आणखी दोन-तीन आत येतात. मग शोधाचे पान बदलते, जाहिराती वाढतात आणि संगणक मंदावतो. यावर उपाय दोन आहेत. आज्ञावली मूळ उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि प्रत्येक पायरीवर नको असलेली खूण काढून टाकावी.

'आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असे सांगणारी पानेही असतात. ती दाबताच त्या संकेतस्थळास आपल्या पडद्यावर केव्हाही सूचना पाठविण्याची परवानगी मिळते आणि पुढे रोज खोटे इशारे येत राहतात. पुष्कळ लोक याला विषाणू समजतात. प्रत्यक्षात ती आपणच दिलेली परवानगी असते, व ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढून घेता येते.

मोबाइल वापरणाऱ्या शेतकरी बंधूंनी विशेष सावध राहावे. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा पीएम किसान योजना यांचे नाव देऊन व्हॉट्सअ‍ॅपवर 'एपीके' प्रकारची फाइल पाठविली जाते. लग्नपत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात येऊ शकते. तिच्यासाठी नवे उपयोजन बसवावे लागत नाही. अशी फाइल ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नये, कारण त्याचाच मोबाइल दुसऱ्याच्या हाती गेलेला असण्याचा संभव असतो.

इशारा दिसताच काय करावे?

१. प्रथम हात थांबवावा. खिडकीतील कोणतेही बटण दाबू नये. 'बंद करा' असे लिहिलेले बटणही फसवे असू शकते. दिलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करू नये.

२. आवाजाने मन विचलित होत असल्यास तो बंद करावा. पान पडदाभर पसरले असेल तर एस्केप ही कळ काही क्षण दाबून धरावी व नंतर पान बंद करावे.

३. पान बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात ब्राउझरचे नाव निवडून 'एंड टास्क' करावे. तेही न जमल्यास वीजकळ दाबून धरून संगणक बंद करावा. संगणक बंद केल्यास माहिती नष्ट होईल, ही धमकी खोटी असते. फार तर हातातील न साठविलेले काम जाईल.

४. ब्राउझर पुन्हा उघडताना मागील पाने परत आणण्याचा पर्याय स्वीकारू नये.

५. त्यानंतर संगणकातील स्वतःच्या विषाणूरोधक आज्ञावलीने संपूर्ण तपासणी करावी. विंडोज ८ आणि त्यापुढील आवृत्त्यांत अशी सोय मुळातच आहे. अलीकडे बसविलेल्या उपयोजनांची यादी दिनांकानुसार पाहून अनोळखी असेल ते काढून टाकावे. ब्राउझरला जोडलेली विस्तारकेही तपासावीत.

शाळा व कार्यालये यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विंडोज १० या आवृत्तीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तीवर चालणाऱ्या संगणकांची व्यवस्था लावण्याकडे कार्यालयप्रमुखांनी लक्ष द्यावे. भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर संगणक स्वच्छ करण्याची साधने विनामूल्य मिळतात, त्यांचाही लाभ घ्यावा.

चूक झालीच तर

दूरध्वनी केला गेला, उपयोजन बसविले गेले किंवा पैसेही गेले, तर वेळ न दवडता संगणकाची इंटरनेट जोडणी तोडावी. दुरून संगणक चालविण्याचे उपयोजन काढून टाकावे. अशी उपयोजने मुळात उपयुक्त असली तरी त्यांच्या गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. बँकेस कळवून कार्ड बंद करावे आणि दुसऱ्या उपकरणावरून सर्व परवलीचे शब्द बदलावेत. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर लगेच कळवावे. तक्रार 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' या संकेतस्थळावरही नोंदविता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरविले जातात. ते मध्येच अडविता यावेत, यासाठी पहिले काही तास फार मोलाचे असतात. लाजेपायी गप्प राहिल्यास नेमके हेच तास हातचे जातात.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांकडून अशी चूक झाली, तर तरुणांनी त्यांना बोल लावू नये. ज्या घरात चूक सांगता येते त्या घरातील पैसे वाचण्याची आशा अधिक असते. शिक्षकांनी वर्गात एक तास या विषयास द्यावा. मुले तो धडा संध्याकाळी घरी पोहोचवतील. ग्रामपंचायतीच्या फलकावर १९३० हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा.

नारायणगुड्यातील गुरुजी आता पुन्हा संगणकावर बसतात. त्यांनी पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटविली आहे. तीवर तीनच शब्द आहेत : 'आधी हात थांबवा.' शेजारच्या मुलांनाही ते हाच धडा देतात. खोट्या दवंडीत स्वतःचे असे बळ नसते. आपण उठून तिच्यामागे चालू लागलो तरच तिचे काम होते. प्रत्येकाने डफ कोणाच्या हाती आहे हे पाहण्याची जुनी सवय पडद्यापुढेही जागती ठेवावी, एवढीच विनंती.