माळ्यावरच्या छायाचित्रातील विमान

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्या की माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. चोपड्या आणि तांब्यापितळेची भांडी यांचा निर्णय लगेच होतो. हात अडखळतो तो छायाचित्रांपाशी. एखाद्या चित्रात कोट-टोपी घातलेली चार-पाच माणसे लहानशा विमानासमोर उभी असतात. मागे नाव नाही, साल नाही. ओळखणारी पिढी केव्हाच गेलेली असते. ‘इंग्रजांचे काहीतरी विमान’ असे म्हणून चित्र रद्दीत जाते आणि त्याबरोबर घराण्याच्या इतिहासाचे एक पानही जाते.

वास्तविक अशा चित्रात विमान हाच सर्वांत बोलका साक्षीदार असतो. पहिली खूण अक्षरांची. भारतात नोंदलेल्या मुलकी विमानावरील अक्षरे ‘व्हीटी’पासून सुरू होतात. भिंगाखाली पुढची तीन अक्षरे वाचता आली, तर जुन्या नोंदींतून विमानाची जात व मालक यांचा शोध घेता येतो. दुसरी खूण पंखांची. एकावर एक असे दोन पंख असलेले टायगर मॉथ वेगळे आणि बंद कक्षाच्या माथ्यावर एकच पंख असलेले पुस मॉथ वेगळे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणले ते याच पुस मॉथमधून.

लष्करी विमानावर वर्तुळचिन्ह पाहावे. महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश व हिंदी विमानांच्या चिन्हात मध्यभागी तांबडा ठिपका असे. जपानी विमानांवरही तांबडा गोल असल्याने गफलत होऊ लागली, म्हणून या आघाडीवर तो काढून टाकण्यात आला. कृष्णधवल चित्रातही ठिपका आहे की नाही हे कळते आणि चित्र युद्धाच्या पूर्वार्धातील की उत्तरार्धातील, याचा अदमास लागतो.

पार्श्वभूमीही दुर्लक्षू नये. कल्याणजवळ नेवाळी येथे युद्धकाळात शेतकऱ्यांच्या जमिनींवर धावपट्टी उभी राहिली. त्या जमिनींचा वाद २०१७ मध्येही पेटला होता. विमानामागे मलंगगडाचे सुळके दिसले, तर ते चित्र एखाद्या शेतकरी कुटुंबालाही मोलाचे वाटेल.

मात्र जैन समाजाच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचे विमान निराळेच आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांची १९३९ मध्ये विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकी व्यावसायिकाशी गाठ पडली. त्यातून भारतात विमाने बांधण्याचा विचार पुढे आला. म्हैसूर दरबाराने साथ दिली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनीची नोंद झाली. तेथे प्रथम जुळणी होऊन १९४१ मध्ये उडाले ते हार्लो पीसी-५ हे प्रशिक्षण विमान.

या विमानाचे कूळ मोठे विलक्षण आहे. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील महाविद्यालयात मॅक्स हार्लो या अध्यापकाने विद्यार्थ्यांकडून एक विमान बांधून घेतले. हार्लो पीसी-५ हा त्याचाच पुढचा अवतार. जगात ही विमाने इतकी थोडी झाली की जाणकारही ते पाहून घोटाळ्यात पडावा. संपूर्ण धातूची बांधणी, खाली बसवलेला एकच पंख, एकामागे एक अशा दोन बैठका, यांमुळे ते हार्वर्ड विमानासारखे भासते. परंतु हार्वर्ड आकाराने बरेच मोठे. चित्र समोरून घेतलेले असेल, तर इंजिनाची नळकांडी मोजावीत: हार्वर्डला नऊ, हार्लोला सात.

हा फरक क्षुल्लक नाही. १९४२ मध्ये युद्धाच्या निकडीने सरकारने कारखान्याचा ताबा घेतला आणि वालचंदांचा त्याच्याशी संबंध संपला. आज हिंदुस्थान एअरोनॉटिक्स हे नाव सर्वांना ठाऊक आहे. पाया घालणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव थोड्यांना. चित्राखाली चुकून ‘हार्वर्ड’ लिहिले, तर पुसट झालेली ती आठवण आणखी पुसली जाते.

म्हणून घर रिकामे करताना थोडा धीर धरावा. चित्राच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. चिकटपट्टी लावू नये. मागे लिहायचे ते मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. घरातील आजी-आजोबांना चित्र दाखवून ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावे. खात्री असेल तेथे नाव व साल लिहावे; अंदाज असेल तेथे ‘बहुधा’ हा शब्द विसरू नये. ‘स्यात्’ या एका शब्दाचे महत्त्व जाणणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगायला नकोच. चोपडीतील चुकलेली रक्कम पुढच्या वर्षी तरी सापडते. रद्दीत गेलेले चित्र मात्र परत येत नाही.