गाणं आवडलं, नाटक खुपलं

‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. करणारी संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पुणेकरांची पीडीए. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. या चौघांबद्दल आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. समोर खुर्च्यांत बसलेल्या माणसांकडे मात्र त्या मानानं कमी लक्ष गेलं. नाटक वीसेक वर्षं चाललं, आणि तेवढ्या काळात ते बघणाऱ्यांचं त्याच्याशी असलेलं नातं पार पालटलं. ते कसं पालटलं, त्याचा हा मागोवा.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हे धंदेवाईक कंपनीचं नाटक नव्हतं. जब्बार पटेल दौंडला डॉक्टरकी करत. नाटकात पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. संचातली बाकीची मंडळी कुठे नोकरीला, कुठे कॉलेजात. दिवसभराचं काम उरकून संध्याकाळी तालमीला यायचं, ही हौशी संस्थांची रीत. अशा नाटकाला पहिले प्रेक्षक कोण येतात? नटांचे आईबाप, काका, शेजारी, ऑफिसातले सहकारी, संस्थेचे जुने सभासद. म्हणजे रंगमंचावरच्या आणि खालच्या माणसांची आडनावं पुष्कळदा एकच. माझ्या मते ‘घाशीराम’वर उठलेल्या गदारोळाची निम्मी उष्णता इथली आहे. परक्यानं टोमणा मारला तर सोडून देता येतं. आपल्याच आळीतला, एरवी गुणी म्हणून ओळखला जाणारा मुलगा शेंडी-उपरणं लावून बावनखणीच्या, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीच्या, वाटेला लागलेला दिसला, की बसल्या जागी चुळबुळ होते.

त्यात जागा सदाशिव पेठेतली. नाटकातला शनिवारवाडा, पर्वतीच्या पायथ्याचा रमणा, पेशवाईतली ती बदनाम बावनखणी, सगळं प्रेक्षकांच्या पायाखालच्या शहरातलं. घाशीराम सावळदास हा कनोजी ब्राह्मण १७८२ साली पुण्याचा कोतवाल झाला. १७९१ च्या ऑगस्टअखेर त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि संतापलेल्या जमावानं त्याला दगडांनी ठेचून मारलं. इतकं इतिहासात आहे. मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्येच त्याच्यावर कादंबरी लिहिली होती, तेव्हा गोष्ट काही नवी नव्हती. तेंडुलकरांनी तिला दिलेलं वळण नवं होतं. मुलगी नानाच्या हवाली करून घाशीराम कोतवाली मिळवतो, आणि काम संपल्यावर नानाच त्याला जमावापुढे टाकतो. त्याच वर्षी ‘सखाराम बाइंडर’वरून तेंडुलकर वादात सापडलेच होते, त्यामुळे त्यांच्या नावानं भुवया आधीपासून चढलेल्या होत्या.

पण नुसत्या गोष्टीनं एवढं झालं नसतं, असं मला वाटतं. तीच गोष्ट तीन अंकी गद्य नाटकात सांगितली असती, तर चार पत्रं वर्तमानपत्रात आली असती आणि विषय मिटला असता. खरा घोळ संगीतानं केला.

भरत नाट्य मंदिर ही संगीत नाटकावर पोसलेली वास्तू. १८९४ साली स्टुडंट्स सोशल क्लब म्हणून सुरू झालेली ही संस्था. ‘सौभद्र’, ‘मानापमान’ तिच्या अंगवळणी पडलेली. तिथल्या प्रेक्षकाला संगीत नाटकात एक हुकमी हत्यार होतं, ते म्हणजे वन्समोअर. पद रंगलं की तो कथानक थांबवायचा, सुभद्रेला लग्नाचा घोर बाजूला ठेवून पुन्हा गायला लावायचा. नाटक किती वाजता संपायचं हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात असे. ‘घाशीराम’नं हे हत्यार काढून घेतलं. इथे दाद द्यावी असा एकटा गवई नाही. रांगेनं उभे राहिलेले ब्राह्मण आहेत. ते झुलतात, गातात, वळून पाठमोरे होतात आणि त्यांचीच भिंत होते. भिंत फुटते आणि दरबार, रस्ता, तुरुंग जे हवं ते होतं. कोकण-गोव्याकडच्या खेळ्यांची आणि दशावताराची ही चाल. गणपतीचं नमन, कीर्तन, अभंगाचा ठेका, लावणी हे सारं चंदावरकरांनी इतक्या वेगानं एकातून एकात सोडलं होतं की टाळी पडेपर्यंत पुढचं सुरू. बरं, चाली ऐकणाऱ्याच्या रक्तातल्या. गणेशोत्सवात, देवळात, माजघरात ऐकलेल्या. पाय आपसूक ठेका धरतो, आणि मग लक्षात येतं की ज्या सुरावर आपण डोलतो आहोत, त्याच सुरावर समोर एका मुलीचा सौदा चालला आहे. नामाचा गजर थांबत नाही आणि नानाची नजर कीर्तनाला आलेल्या पोरीवरून हलत नाही. राग यायचा तो इथे यायचा. तो नाटकावर जितका, तितकाच स्वतःच्या हलणाऱ्या पायावर असावा.

म्हणून त्या काळच्या प्रतिक्रियांत एक गमतीदार जोडवाक्य वारंवार आढळतं: संगीत, नृत्य, बसवणूक उत्तम, विषय मात्र आक्षेपार्ह. जणू चांगल्या ताटात कुणी भलतंच वाढलं. मला ही वाटणी कधी पटली नाही. ताट काढून घेतलं तर ‘घाशीराम’मध्ये पदार्थ उरत नाही. चाली कानाला गोड वाटणं हाच त्यातला डंख आहे.

आक्षेप तीन तऱ्हांचे होते: नानासारख्या मुत्सद्द्याची बदनामी, ब्राह्मणांची नालस्ती, आणि अश्लीलता. पहिल्यात तथ्य होतं असं म्हणायला हरकत नाही. नाटकातला नाना पाहून कुणाला खर्ड्याची लढाई जिंकणाऱ्या कारभाऱ्याची ओळख पटणार नाही, आणि तेंडुलकरांनीही हे ऐतिहासिक नाटक असल्याचा दावा केला नव्हता. दुसऱ्या आक्षेपाबद्दल बोलताना एक गोष्ट झाकली जाते: टीका करणारे, काम करणारे आणि कौतुक करणारे यांतले कितीतरी एकाच समाजातले होते. घरातलंच भांडण होतं ते, आणि घरातल्या भांडणासारखंच चिघळलं. १९ प्रयोगांनंतर पीडीएच्या ज्येष्ठांनी, भालबा केळकरांच्या नेतृत्वाखाली, नाटक थांबवलं. तरुण मंडळी बाहेर पडली, २७ मार्च १९७३ रोजी त्यांनी थिएटर अकॅडमी काढली, आणि १९७४ मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं. नाटकानं संस्था मोडल्याची उदाहरणं आपल्याकडे पुष्कळ आहेत. मोडलेल्या संस्थेतून एवढी दमाची दुसरी निघाल्याची कमी.

इथून प्रेक्षक बदलला. पुण्याबाहेर, पेठांबाहेर प्रयोग होऊ लागले आणि आपल्यावर काही बोलणं आलंय असं न वाटणारा प्रेक्षक आला. तो मोकळेपणी हसायचा. या हसण्याबद्दल मला नेहमी थोडी शंका वाटत आली आहे. ही बामणांची गोष्ट आहे, चाललीये ती बघू, असं समजून बसलेल्यालाही नाटक शेवटी सोडत नाही. कारण घाशीरामाच्या छळाला बळी पडणारे तेच, त्याला ठेचणारे तेच, आणि नानाच्या हुकुमावर पुन्हा नाचायला लागणारेही तेच. हा जमाव कुठल्याही गावात, कुठल्याही जातीत जमतो. आणीबाणीनंतरच्या प्रेक्षकाला हे वेगळं शिकवावं लागलं नाही. सत्ताधारी एखादा माणूस सोयीसाठी मोठा करतात आणि तो डोईजड झाला की लोकांच्या हाती देतात, हा अर्थ पुढच्या काळात ज्यानं त्यानं आपापल्या बातम्यांना जोडला. मुंबईतल्या शिवसेनेच्या वाढीशी कुणी, पंजाबातल्या भिंद्रनवाल्यांशी कुणी. १९७२ मध्ये नानाची अब्रू हा प्रश्न होता, दहा-बारा वर्षांत सध्याचा नाना कोण हा प्रश्न झाला.

मधे १९८० चं युरोप प्रकरण झालं. नाटक पश्चिम जर्मनीला निघालं तेव्हा महाराष्ट्राची बदनामी परदेशात नको म्हणून विरोध उसळला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि नटांना जवळजवळ लपतछपत देश सोडावा लागला. विरोधकांची भीती अशी, की गोरे लोक नानाबद्दल काय म्हणतील. पण त्यांना नाना कोण, पेशवे कोण, याची गंधवार्ता नव्हती. भाषाही कळत नव्हती. त्यांच्यापुढे उरले फक्त सूर, ताल आणि ती माणसांची भिंत. जर्मनी नाटककार ब्रेख्तची, तेव्हा गाण्यातून टोचणं त्यांना परकं नव्हतं. तिकडच्या कौतुकाच्या बातम्या इकडे आल्या आणि घरातल्या कुरबुरीचा आवाज बराच खाली आला. परदेशी शाबासकीनं आपलं मत बदलण्याची आपली जुनी खोड आहे; या वेळी ती कामी आली, एवढंच.

‘घाशीराम’च्या प्रेक्षकावर थिएटर अकॅडमीचं पुढचं कामही उभं राहिलं. कीर्तनाच्या अंगानं मरणाची थट्टा करणारं सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ १९७४ मध्ये लोकांनी पचवलं. १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तवरून केलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ आला. त्यात नंदू भेंडेंचा पाश्चात्त्य ढंगाचा आवाज आणि देशी चाली एकत्र नांदल्या आणि कुणाला फारसं खटकलं नाही. गाण्याबरोबर नाटकाचंही ऐकायची सवय तोवर कानाला झाली होती.

नव्वदच्या दशकाच्या आरंभापर्यंत ‘घाशीराम’ चालू राहिलं, तेव्हा गणपतीचं नमन सुरू होताच गुणगुणणारे प्रेक्षक येऊ लागले होते. मुलांना घेऊन लोक येत. कॉलेजांच्या पोरांनी भिंत उचलून आपापल्या एकांकिकांत नेली, तीही पुष्कळदा कारण नसताना. आणि ज्या शहरात हे नाटक बंद पाडण्याची भाषा झाली, तिथेच मध्यंतरात चहाचा कप हातात धरून कुणीतरी शेजाऱ्याला सांगे की आताचा संच ठीक आहे, पण पहिल्या संचाची भिंत सुरात उभी राहायची, तशी आता राहत नाही. बावनखणीबद्दल तो चकार शब्द काढत नसे.