आई-बाबांच्या पायांचा फोटो मोबाईलने नीट कसा काढायचा?

सेल्फी आपण रोजच काढतो. पण बाबांच्या तळपायाचा फोटो कधी काढलाय?

आम्ही नाहूरला राहतो. माझ्या बाबांना मधुमेह आहे. गेल्या पावसाळ्यात चपलेने त्यांच्या अंगठ्याखाली जखम झाली आणि त्यांना कळलंच नाही. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होऊ शकतात, मग दुखतच नाही. मी घाईत ट्यूबलाईटखाली फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. त्यात काहीच दिसेना. त्यांनी लगेच बोलावलं. जखम वाटली त्यापेक्षा खोल निघाली. वेळेत गेलो म्हणून निभावलं!

पायाच्या उपचारात फोटो खूप कामाचा असतो. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी २००३ मध्ये 'डायबेटिक फूट : अ क्लिनिकल अ‍ॅटलास' हे चित्रांतून शिकवणारं पुस्तकच लिहिलं. जखम भरतेय की वाढतेय, हे दोन तारखांचे फोटो शेजारी ठेवले की कळतं. पण दोन्ही सारखेच काढलेले हवेत.

त्यासाठी मी आता असं करतो :

१) आधी लेन्स पुसा. ब्युटी मोड, फिल्टर बंद.
२) दिवसा खिडकीजवळ काढा. फ्लॅश नको, ओली जखम चकाकते आणि रंग बदलतो.
३) मोबाईल पायाच्या अगदी जवळ नेऊ नका, आकार वेडावाकडा येतो. साधारण एक फूट लांबून, समोरून सरळ धरा. गरज पडली तर २एक्स झूम वापरा.
४) जखमेच्या बाजूला, तिला न लागता, पट्टी ठेवा. मोजमाप कळतं.
५) एक फोटो पूर्ण पायाचा, एक जवळून. तळवा, टाच आणि बोटांच्या बेचकेही विसरू नका.
६) व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारकावे जातात.

हे फोटो खासगी आहेत. आधी बाबांना विचारा, लॉक केलेल्या फोल्डरमध्ये ठेवा, फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

आणि एक लक्षात ठेवा, फोटो म्हणजे तपासणी नव्हे. खोली, ऊब, नाडी कॅमेऱ्याला कळत नाही. पाय सुजला, लाल किंवा काळा पडला, पू किंवा वास आला, ताप आला, तर फोटो काढत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता दर रविवारी चहा झाला की बाबा स्वतःच पाय पुढे करतात. पाच मिनिटं लागतात. तुम्हीही या रविवारी सुरू करा!