लटकलेले दार आणि दाबलेली स्प्रिंग

मोटारीच्या दुरुस्तीविषयी बोलताना आपले लक्ष साहजिकच इंजिन, ब्रेक आणि चाके यांच्याकडे जाते. दार हा भाग आपण गृहीतच धरतो. वस्तुतः रोज वीस वेळा उघडझाप होणारे दार एका वर्षात सात हजारांहून अधिक वेळा आपल्या बिजागऱ्यांवर फिरते. काही वर्षांनी ते लटकू लागते. बंद करताना त्याला किंचित उचलावे लागते, कुलपाचा आवाज बदलतो, खालच्या कडेचा रंग खरवडला जातो आणि पावसाळ्यात पाणी आत झिरपते. हा दोष कसा उद्भवतो, तो योग्य रीतीने कसा दूर करावा आणि त्या कामी स्प्रिंग दाबून धरणाऱ्या एका साध्या हत्याराचे महत्त्व काय, हे येथे पाहावयाचे आहे.

या विषयाच्या अभ्यासासाठी बंगळूर हे सोयीचे शहर आहे. तेथे नोंदलेल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. त्यांत दुचाकी सर्वाधिक असल्या, तरी मोटारींची संख्याही मोठी आहे. टाउन हॉलपासून मिनर्व्हा चौकाकडे जाणारा जयचामराजेंद्र मार्ग, म्हणजेच सर्वांच्या बोलण्यातला जे. सी. रोड, सुट्या भागांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. जुने भाग शोधणारे शिवाजीनगरकडे वळतात. या शहराने स्वतःच्या मोटारीही निर्माण केल्या. १९८२ साली सिपानी कंपनीची डॉल्फिन आणि २००१ साली विजेवर चालणारी रेवा येथूनच बाजारात आली. या दोन्ही मोटारींना बाजूंना मिळून दोनच दारे होती. ज्या मोटारीला दोनच दारे असतात, तिचे दार सामान्यतः अधिक रुंद असते. रुंद दाराचा बिजागरीवर काय परिणाम होतो, हे समजले की दार लटकण्याचे मूळ कारण ध्यानात येते.

दार का लटकते

दार म्हणजे एका बाजूने आधार दिलेली तरफ होय. समजा, दाराचे वजन २४ किलो आणि रुंदी १ मीटर आहे, व त्याच्या दोन बिजागऱ्यांत ४० सेंटिमीटर अंतर आहे. दाराचे वजन त्याच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून ५० सेंटिमीटरवर कार्य करते. त्यामुळे वरची बिजागरी खांबापासून दूर ओढली जाते व खालची खांबावर दाबली जाते. आणि हा ओढा ३० किलो वजनाइतका असतो. आता एखादी व्यक्ती गाडीतून उतरताना उघड्या दाराच्या टोकावर ४० किलोचा भार टाकते असे मानू. केवळ त्या भाराने वरच्या बिजागरीवर १०० किलोचा जादा ओढा पडतो. दार जितके रुंद, तितका हा ओढा मोठा.

हा सारा भार शेवटी एका लहानशा भागावर येतो. बिजागरीच्या दोन पानांतून एक पोलादी पिन जाते आणि पिनेभोवती पितळेचे किंवा कांशाचे पातळ नळकांडे बसवलेले असते. त्यास बुश म्हणतात. बुश मऊ असतो, कारण झिजायचेच झाल्यास त्याने झिजावे, पिनेने नव्हे, असा त्यामागील हेतू आहे. तेल न मिळाल्यास व धूळ शिरल्यास त्याची झीज वेगाने होते. वरच्या व खालच्या बिजागरीत अर्धा-अर्धा मिलिमीटर झीज झाली, तर दाराचे मोकळे टोक अडीच मिलिमीटर खाली येते. एवढ्याने कुलपाची जीभ आपल्या खुंट्याशी सरळ जुळेनाशी होते.

सोपा उपाय आणि त्याचे मोल

अशा वेळी अनेकदा दोन उपाय योजले जातात. पहिला, कुलपाचा खुंटा सैल करून खाली सरकवणे. दुसरा, बिजागरीत लाकडाचा तुकडा अडकवून दार जोराने रेटणे व तिचे पान वाकवणे. दोन्ही उपायांनी दार तूर्त बंद होते. परंतु झिजलेला बुश झिजलेलाच राहतो. झीज वाढत गेली की दार पुन्हा उतरते. वाकलेले पान पिनेला तिरपे धरत असल्याने आता झीज पूर्वीपेक्षा लवकर होते.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. कुलूप अर्धवट अडकलेले दार धावत्या गाडीत उघडू शकते. १९५० च्या दशकातील फियाट ११००, जिला मुंबईत लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत, तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस असत. अशा दाराचे कुलूप निसटले की समोरचा वारा त्याला आणखी उघडी. पुढे बिजागऱ्या दाराच्या पुढच्या कडेला ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली, यामागे सुरक्षिततेचा विचार होता. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या नियमानुसार दाराच्या बिजागऱ्यांनी लांबीच्या दिशेने सुमारे ११,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ११०० किलोचा, आणि आडव्या दिशेने सुमारे ९,००० न्यूटन भार सहन करणे आवश्यक ठरले. अपघातात प्रवासी बाहेर फेकला जाऊ नये, हा या नियमाचा उद्देश आहे. तेव्हा बुश बदलण्याचे काम लहान असले, तरी त्याच्याशी माणसाच्या जिवाचा संबंध आहे.

स्प्रिंग कोठे असते

उघडलेले दार आपोआप मिटू नये म्हणून त्याला अडवणारी योजना असते. भारतीय रस्त्यांवरील बहुतेक मोटारींत हे काम बिजागऱ्यांच्या मधोमध असलेली स्वतंत्र पट्टी करते. अशा गाडीची पिन व बुश बदलताना मोठी स्प्रिंग आड येत नाही. परंतु १९७० व १९८० च्या दशकांत बनलेल्या जनरल मोटर्सच्या अनेक मोटारी व पिकअप ट्रक यांत ही योजना बिजागरीतच सामावलेली आहे. तेथे एक जाड, आखूड स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत बसवलेली असते. ती दूर केल्याखेरीज त्या बिजागरीचे काम सुखरूप होत नाही.

दाबलेली स्प्रिंग स्वस्थ दिसते, पण तिच्यात ऊर्जा साठलेली असते. समजा, ती २० मिलिमीटर दाबली असून तिचा जोर ५०० न्यूटन आहे. तिच्यातील ऊर्जा ५ जूल, म्हणजे अर्धा किलोचे वजन एक मीटरवरून पडल्याइतकी होते. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु स्प्रिंगचे स्वतःचे वजन १०० ग्रॅम असेल, तर सुटल्यावर ती ताशी ३६ किलोमीटरपर्यंत वेग घेऊ शकते. तिच्या मार्गात बहुधा दार धरून उभ्या असलेल्या शिकाऊ कारागिराचा चेहरा असतो. डोळा गमावण्यास एवढा वेग पुरेसा आहे.

हत्याराचे कार्य

स्प्रिंग दाबण्याच्या हत्यारास दोन जबडे व त्यांना जवळ आणणारा एक मळसूत्री बोल्ट असतो. जबडे स्प्रिंगच्या वेटोळ्यांना पकडतात आणि पाना फिरवू लागले की ते हळूहळू एकमेकांजवळ येतात. आट्यांमधील अंतर दीड मिलिमीटर व पान्याची लांबी १५ सेंटिमीटर असल्यास एका फेऱ्यात हात सुमारे ९४ सेंटिमीटर फिरतो आणि स्प्रिंग केवळ दीड मिलिमीटर दबते. घर्षणात बराच जोर खर्च होत असला, तरी मनगटाच्या बळावर हे काम सहज साधते.

तथापि हत्याराचा खरा गुण जोर वाढवणे हा नाही. तेवढा जोर पहारीनेही मिळतो. फरक असा की, पहार निसटली तर साठलेली सर्व ऊर्जा एका क्षणात परत येते. उलट मळसूत्राचे आटे घर्षणामुळे आपोआप मागे फिरत नाहीत. हात काढला तरी स्प्रिंग जेथल्या तेथे राहते, आणि सोडतानाही ती तितक्याच धिम्या गतीने सुटते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. बंगळूरच्या किंवा पुण्याच्या गॅरेजमध्ये ‘स्प्रिंग कम्प्रेसर’ म्हटले की बहुधा पुढच्या चाकांवरील शॉकअॅब्सॉर्बरच्या स्प्रिंगचे मोठे हत्यार समोर येते. मारुती ८०० सारख्या मोटारींमुळे ते आपल्याकडे परिचित झाले. तत्त्व एकच असले, तरी त्याचे आकडे दाराच्या आखूड स्प्रिंगवर नीट बसत नाहीत, आणि दाराचे लहान हत्यार चाकाच्या स्प्रिंगला मुळीच लावू नये. तिच्यातील ऊर्जा कित्येक पटींनी अधिक असते.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम निदान करावे. दार अर्धे उघडून त्याचे टोक उचलावे. पिनेजवळ हालचाल दिसल्यास बुश झिजला आहे. बिजागरीचे पानच हलत असल्यास बोल्ट सैल आहेत. दोन्ही नसल्यास खांबाला तडा वा गंज आहे का, हे तपासावे. खांबच कुजला असेल, तर नव्या बुशाने काहीही साधणार नाही.

त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडवावी, दाराखाली जॅक लावून त्यावर लाकडी फळी व जाड कापड ठेवावे. डोळ्यांना चष्मा लावावा. हत्याराचे दोन्ही जबडे वेटोळ्यांवर सारखे बसल्याची खात्री करून मगच पाना फिरवावा. स्प्रिंग सैल झाली की ती हत्यारासकट काढून, कोणाच्याही दिशेला तोंड नसेल अशी ठेवावी. मग पिन ठोकून काढावी. एका वेळी एकच बिजागरी हाताळावी, म्हणजे दाराची जागा ढळत नाही. जुने बुश काढून नवे सरळ बसवावेत, नवी पिन घालावी, तेल द्यावे व स्प्रिंग पूर्ववत बसवून हत्यार सावकाश सैल करावे. कुलपाचा खुंटा सर्वांत शेवटी, आणि आवश्यकता असेल तरच, हलवावा.

हा क्रम सोप्या उपायाच्या नेमका उलट आहे. तेथे कारागीर खुंट्यापासून, म्हणजे परिणामापासून आरंभ करतो; येथे तो बुशापासून, म्हणजे कारणापासून आरंभ करतो. त्यासाठी थोडा अधिक वेळ, दोन लहान नळकांडी व एक हत्यार एवढेच लागते. ते हत्यार कारागिराचा डोळा राखते आणि नीट मिटणारे दार आतल्या प्रवाशाला राखते.