आफ्रिकान्स भाषेंतील क्रियापदाचें स्थान

इंग्रजींत भाषांतर करतांना मराठीच्या संवयीनें क्रियापद शेवटीं ठेवणाऱ्या मुलांवर आम्ही तीस वर्षें डोळे वटारीत आलों. त्याचा पश्चात्ताप आम्हांस सेवानिवृत्तीनंतर एका परक्या भाषेमुळें व्हावा, हा दैवाचा विनोदच!

आमचा पुतण्या केपटाउन येथें डॉक्टर आहे. त्याच्या पुष्कळ रोग्यांची मातृभाषा आफ्रिकान्स. एकदां एक म्हातारी औषधाविषयीं सांगत होती. पहिले चार शब्द ऐकून, तिनें गोळ्या घेतल्या असें समजून हा पुढचें विचारूं लागला. वस्तुतः तिनें घेतल्या नव्हत्या. “काका, इंग्रजीच्या वळणानें हें जमत नाहीं,” असें तो फोनवर म्हणाला, तेव्हां आम्हीं व्याकरण मागविलें.

१६५२ सालीं डच ईस्ट इंडिया कंपनीनें केपला ठाणें घातलें. त्यांची डच बोली तेथील खोईखोई लोकांच्या आणि हिंदुस्थान, इंडोनेशिया इकडून नेलेल्या गुलामांच्या तोंडीं पडून ही भाषा घडली. १९२५ मध्यें तिला राजमान्यता मिळाली. शाळेंत ती सक्तीनें लादल्यामुळें १९७६ सालीं सोवेटोचीं मुलें रस्त्यावर उतरलीं, हें विसरतां येत नाहीं. तथापि केपकडील अनेक मिश्रवंशीय कुटुंबांची ती आईची भाषा आहे.

रूपें अगदीं सोपीं. “एक” म्हणजे मी, “यै” म्हणजे तूं, “है” म्हणजे तो. आणि तिघांनाहि “इस” हें एकच क्रियापद, आपल्या “अस्ति”चें दूरचें भावंड. नामांना लिंगभेद नाहीं. अस्मि, असि, अस्ति घोकलेल्या आम्हांस हेवाच वाटला. परंतु विभक्तिप्रत्यय गेले कीं त्यांचें काम स्थानाला करावें लागतें. संस्कृतांत “रामः फलं खादति” हीं पदें कशींहि फिरवा, फळ रामाला खात नाहीं. येथें ती मोकळीक नाहीं.

साध्या वाक्यांत क्रियापदाचें आसन दुसरें. “एक ड्रिंक मॉरऽ दी पिलऽ”, म्हणजे मी उद्यां गोळ्या घेतों. (तिकडे गोळ्या “पितात”!) “उद्यां” हा शब्द आरंभीं आणला, कीं कर्त्यानें मुकाट्यानें क्रियापदामागें जावें: “मॉरऽ ड्रिंक एक दी पिलऽ”. इंग्रज येथेंच चुकतो. त्याच्या भाषेंत कर्ता आपली जागा सोडीत नाहीं, म्हणून तो “मॉरऽ एक ड्रिंक” म्हणून मोकळा होतो.

आतां “ऑमदात”, म्हणजे “कारण कीं”, घालून गौण वाक्य करा: “ऑमदात एक मॉरऽ दी पिलऽ ड्रिंक”. कारण मी उद्यां गोळ्या घेतों. शब्दास शब्द मराठी! क्रियापद थेट शेवटीं. आमच्या त्या बिचाऱ्या विद्यार्थ्यांनीं येथें पैकींच्या पैकीं गुण मिळविले असते.

म्हातारीचें वाक्य असें असावें: “एक हेत दी पिलऽ नी खड्रिंक नी”. “हेत” हें भूतकाळाचें साहाय्यक क्रियापद दुसऱ्या जागीं बसतें, आणि “घेतल्या” हा अर्थ देणारें “खड्रिंक” पार मागें राहतें. नकाराचा “नी” दोनदां येतो, पण दोन नकारांचा होकार होत नाहीं. पहिला “नी” निषेध करतो. दुसरा, आपल्या “इति”प्रमाणें, वाक्य मिटवितो.

पुतण्याला आम्हीं एवढेंच सांगितलें, कीं शेवटचा “नी” येतो कीं नाहीं हें कळेपर्यंत लेखणी उचलूं नकोस. हल्लीं तो थांबतो. बायकांचें हंसणें मात्र अद्याप थांबलेलें नाहीं. त्याचा “ख” घशांतून पुरेसा खरवडून निघत नाहीं म्हणे.